फिक्स दहा ओळींचा, टेस्ट सगळ्या हिरव्या. मग रिव्ह्यूमध्ये बघायचं काय?

प्रश्न असा आलाय: "एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पात वर्षभर छोटे-मोठे पॅच (कोडमधले बदल) पाठवतोय. आता पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या बगफिक्सवर रिव्ह्यूअर म्हणून माझं नाव लागलंय. ऑप्टिमायझर (कंपायलरचा कोड वेगवान करणारा भाग) चुकीचा कोड तयार करतो असा बग आहे. फिक्स जेमतेम दहा ओळींचा, टेस्ट जोडलेली आहे, सगळं पास होतंय. मला त्यात चूक दिसत नाही. 'एलजीटीएम' (मला ठीक दिसतंय) लिहून मोकळा होऊ का?"

आधी तो पॅच बंद करा आणि बग रिपोर्ट उघडा. मी गंमत करत नाहीये. पॅच आधी वाचला की लेखकाने आखलेल्या रेषेवरूनच आपलंही बोट फिरत राहतं. त्याने 'इथे अट हवी होती' असं ठरवलेलं असतं, मग आपण ती अट नीट लिहिली आहे का एवढंच बघतो. अट मुळात तिथेच हवी होती का, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. म्हणून मी रिपोर्टमधला सगळ्यात लहान केलेला प्रोग्राम घेतो, दुरुस्तीपूर्वीच्या कंपायलरवर चालवतो आणि चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. मग कागदावर एक वाक्य लिहितो: कोणती हमी मोडली, आणि ती कुणी मोडली. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर दहा ओळी बरोबर आहेत की चूक हे सांगायचा मला अधिकार नाही.

हमी म्हणजे काय ते एका उदाहरणातून दाखवतो. तुमचा बग कोणता ते मला माहीत नाही, पण या जातीचे बग इतके नेहमीचे आहेत की तुमचा त्यांचा भाऊबंद असण्याची शक्यता बरीच आहे.

एलएलव्हीएमच्या आयआरमध्ये, म्हणजे कंपायलरच्या आतल्या मधल्या भाषेत, बेरजेच्या सूचनेला 'एनएसडब्ल्यू' हा फ्लॅग लावता येतो: नो साइन्ड रॅप. म्हणजे 'ही बेरीज चिन्हासकट धरली तर मर्यादेबाहेर जाणार नाही' अशी हमी. हमी खोटी ठरली तर निकाल 'पॉयझन' होतो, आणि पॉयझनचा अर्थ पुढच्या पासने (कोडवरून फिरणाऱ्या पुढच्या टप्प्याने) काहीही लावला तरी तो चालतो. फ्रंटएंडने, म्हणजे मूळ कोड वाचणाऱ्या भागाने, सी भाषेच्या नियमांवरून ही हमी दिलेली असते आणि ऑप्टिमायझर तिच्यावर डोळे मिटून विसंबतो.

आता ८ बिटांचा क्ष घ्या, म्हणजे मर्यादा -१२८ ते १२७. कोड म्हणतो: क्षमध्ये १०० मिळवा, आलेल्या उत्तरात आणखी १०० मिळवा. दोन्ही बेरजांवर एनएसडब्ल्यू आहे. ऑप्टिमायझरला वाटतं, दोन बेरजा कशाला, एकच करू. १०० अधिक १०० म्हणजे २००, ८ बिटांत त्याचं होतं -५६. म्हणून तो लिहितो: क्ष अधिक -५६. आणि जुन्या बेरजेवरचा एनएसडब्ल्यू तसाच ठेवतो.

क्ष = -१०० धरून बघा. जुना कोड: -१०० अधिक १०० म्हणजे ०, ० अधिक १०० म्हणजे १००. कुठेही मर्यादा ओलांडली नाही. नवा कोड: -१०० अधिक -५६ म्हणजे -१५६, जे ८ बिटांत गुंडाळून येतं १००. आकडा बरोबर! पण मर्यादा ओलांडली गेली, म्हणजे एनएसडब्ल्यूची हमी खोटी, म्हणजे निकाल पॉयझन.

इथेच बहुतेक नवे रिव्ह्यूअर म्हणतात, 'उत्तर तर बरोबर येतंय, मग बिघडलं काय?' बिघडतं ते पुढे. समजा प्रोग्राममध्ये त्याच उत्तराची क्षशी तुलना आहे: उत्तर क्षपेक्षा लहान आहे का? आता ऑप्टिमायझरला दिसतं 'क्ष अधिक -५६, मर्यादा ओलांडत नाही'. ऋण संख्या मिळवली आणि गुंडाळलं गेलं नाही, म्हणजे उत्तर लहानच असणार. तो तुलनेच्या जागी सरळ 'खरं' लिहून टाकतो. प्रत्यक्षात १०० हे -१०० पेक्षा लहान नाही. आता इफमधला कोड भलत्याच बाजूला जातो. बग रिपोर्ट येतो तो या तुलनेबद्दल आणि सगळे तुलनेच्या कोडकडे बोट दाखवतात. तो कोड मात्र निर्दोष आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून पहिला प्रश्न: फिक्स कुठे केलाय? मी असे तीन पॅच कल्पून बघतो.

पहिला पॅच तुलनेचं ते सुलभीकरणच अशा वेळी बंद करतो. रिपोर्टमधला प्रोग्राम बरोबर चालायला लागतो, टेस्ट हिरवी होते. पण खोटी हमी आयआरमध्ये तशीच फिरत राहते आणि दोन महिन्यांनी दुसरा कुठला तरी पास तिच्यावर पाय देतो. हा पॅच परत पाठवायचा, कितीही सुबक लिहिलेला असला तरी.

दुसरा पॅच बेरजा एकत्र करताना एनएसडब्ल्यू नेहमीच काढून टाकतो. हा चूक नाही. हमी कमी देणं कधीच चुकत नाही. पण लूपमधल्या इंडेक्सची गणितं, त्यावरून केलेलं व्हेक्टरायझेशन (एका वेळी अनेक आकड्यांवर एकच क्रिया), यांना या हमीची गरज असते. आज बग मिटेल, उद्या 'प्रोग्राम मंदावला' अशी तक्रार येईल. तरीही घाई असेल, रिलीज तोंडावर असेल, तर मी हा पॅच मान्य करेन, फक्त हे तात्पुरतं आहे असं कमिट संदेशात लिहायला सांगेन.

तिसरा पॅच हमी ठेवतो, पण दोन स्थिरांकांची (मिळवायच्या ठरावीक आकड्यांची) बेरीज स्वतः मर्यादेबाहेर जात नसेल तरच. हा बरोबर दिशेने आहे, आणि म्हणूनच सर्वात धोक्याचा, कारण इथे आपण सैल पडतो. तो पुरेसा आहे का? क्ष = १०० घ्या. आतली बेरीज अधिक १००, तिच्यावर हमी नाही. बाहेरची अधिक २०, तिच्यावर एनएसडब्ल्यू आहे. १०० अधिक १०० म्हणजे २००, गुंडाळून -५६. हमी नव्हतीच, त्यामुळे चालतं. -५६ अधिक २० म्हणजे -३६, तेही मर्यादेत. जुना कोड नीट -३६ देतो. आता एकत्र करा: १०० अधिक २० म्हणजे १२०, जे मर्यादेत बसतं, म्हणून नवी अट पास. नवा कोड क्ष अधिक १२०, एनएसडब्ल्यूसह. १०० अधिक १२० म्हणजे २२०. पुन्हा पॉयझन. म्हणजे अट दुहेरी हवी: दोन्ही मूळ बेरजांवर हमी असली पाहिजे आणि स्थिरांकांची बेरीजही मर्यादेत असली पाहिजे. एलएलव्हीएमच्या इन्स्टकम्बाइन या सूचना सोप्या करणाऱ्या पासमध्ये आज नेमकं हेच आहे. स्थिरांकांचा ओव्हरफ्लो (मर्यादा ओलांडणं) तपासणारं एक छोटं फंक्शन आहे, आणि आतल्या सूचनेचा फ्लॅगही बघितला जातो.

पॅच पाठवणाऱ्याला समजलंय का हे पारखायला मी इथे एक प्रश्न विचारतो. चिन्हरहित संख्यांसाठीही तसाच फ्लॅग आहे, एनयूडब्ल्यू. त्यासाठी स्थिरांकांची बेरीज वेगळी का तपासावी लागत नाही? उत्तर सोपं आहे. चिन्हरहित संख्या शून्याखाली जात नाही. क्ष अधिक दोन्ही स्थिरांक जर मर्यादेत मावले, तर नुसते दोन स्थिरांक मावणारच. चिन्ह असलं की क्ष ऋण असू शकतो आणि तो ही चूक झाकून टाकतो, वर -१०० ने झाकली तशी. ज्याला हे सांगता येतं, त्याने अट कुठून तरी उचलून डकवलेली नाही याची मला खात्री पटते.

हे सगळं डोक्यात करायची गरज नाही. ८ ऐवजी ४ बिट घ्या: क्ष आणि दोन स्थिरांक, प्रत्येकी १६ शक्यता, म्हणजे ४,०९६ जोड्या. पायथनच्या वीस ओळींत सगळ्या तपासून होतात. ८ बिटांच्या १,६७,७७,२१६ होतात, त्याही सीमध्ये चहा गाळेपर्यंत संपतात. या जातीच्या चुका लहान रुंदीतही जवळजवळ नेहमी दिसतातच.

आणि हल्ली त्याहून चांगलं हत्यार आहे. २०१५ साली 'अलाइव्ह' नावाचं साधन आलं. इन्स्टकम्बाइनमधले तीनशेहून जास्त बदल त्याच्या भाषेत लिहून सिद्ध करून बघितले, तेव्हा त्यांतले आठ चुकीचे निघाले. वर्षानुवर्षं शेकडो लोकांनी वाचलेला कोड होता तो. त्याचा पुढचा अवतार 'अलाइव्ह२'. त्यावरचा २०२१ चा शोधनिबंध एलएलव्हीएममधल्या ४७ नव्या बगांची नोंद करतो. जुनी आणि नवी आयआर दिली की हे साधन सांगतं की नवी 'जुन्याच्या आत' आहे की नाही. जुना कोड जिथे पॉयझन देत होता, तिथे नव्याने काहीही दिलं तरी चालतं. जुना जिथे धड उत्तर देत होता, तिथे नव्याने तेच द्यायला हवं. नाही दिलं तर साधन सरळ आकडे काढून दाखवतं: क्ष अमुक असताना बिघडतं. ऑप्टिमायझेशनच्या पॅचसोबत त्याचा दुवा मागणं आता एलएलव्हीएममध्ये शिष्टाचारच झालाय. तुम्हीही मागा.

पण दुवा हिरवा दिसला म्हणून तिथेच थांबू नका. काय सिद्ध केलंय ते वाचा. पॅच म्हणतो 'कोणतेही दोन स्थिरांक', आणि सिद्धता असते फक्त ५ आणि ७ साठी. असं मी किती वेळा बघितलंय! स्थिरांकांच्या जागी अक्षरं ठेवून, पॅचमधली अट पूर्वअट म्हणून लिहून सिद्ध केलेलं हवं. शिवाय ते साधन लूप ठरावीक फेऱ्यांपर्यंतच उलगडतं, आणि मोठ्या रुंदीचे गुणाकार-भागाकार आले की बऱ्याचदा वेळ संपून हात वर करतं. वेळ संपला म्हणजे पास झालं असं नाही.

आता टेस्टकडे. मी पहिलं काम करतो ते म्हणजे फिक्स काढून नुसती टेस्ट चालवतो. ती लाल झाली पाहिजे. तुम्हाला हसू येईल, पण फिक्सशिवायही हिरव्या राहणाऱ्या टेस्ट मी दरवर्षी पकडतो. एलएलव्हीएममधली एक छान पद्धत म्हणजे टेस्ट आधी वेगळ्या कमिटमध्ये घालायची, आजचं चुकीचं आउटपुट जसंच्या तसं नोंदवून. मग फिक्सच्या कमिटमध्ये टेस्टच्या फाइलमधला फरक बघितला की नेमकं काय बदललं ते एका नजरेत कळतं. वरच्या उदाहरणात फक्त एक शब्द गळालेला दिसला पाहिजे. चार इतर फंक्शनांमध्येही बदल दिसत असतील, तर फिक्सचा हात सांगितल्यापेक्षा लांब पोचलाय.

या टेस्टमधल्या अपेक्षित ओळी स्क्रिप्ट आपोआप लिहून देते. सोय उत्तम, पण त्यामुळे त्या ओळी कुणीच वाचत नाही. कंपायलरने जे ओकलं तेच 'अपेक्षित' म्हणून छापलं जातं, चुकीचं असलं तरी. तेव्हा त्या वाचा. आणि टेस्टमध्ये 'व्हायला नको' अशी उदाहरणं आहेत का ते बघा. माझ्या हिशोबाने वरच्या फिक्सला एकूण निदान चार उदाहरणं हवीत: दोन्ही हमी आणि बेरीज मर्यादेत, तेव्हा फ्लॅग टिकला पाहिजे. दोन्ही हमी पण बेरीज बाहेर. फक्त आतली हमी. फक्त बाहेरची हमी. शेवटच्या तिन्हींत फ्लॅग गेला पाहिजे. मर्यादेवरचा आकडाही घाला, १२७ आणि १२८ च्या सीमेवरचा. एकने चुकलेल्या तुलना तिथेच लपतात.

क्रॅशच्या बगांना वेगळी नजर लागते. तिथे फिक्स बहुधा 'पॉइंटर नल असेल तर परत फिर' अशा एका ओळीचा असतो. मी लगेच विचारतो: तो नल का आहे? तिथे नल येणं कायदेशीर असेल तर ओळ बरोबर. पण आधीचं कुणीतरी नोंद ठेवायला विसरलं म्हणून नल आला असेल, तर आपण रोग सोडून ताप उतरवतोय. असर्ट ('इथे हे खरं असलंच पाहिजे' अशी कोडमधली तपासणी) काढून टाकणारा फिक्स तर त्याहून वाईट. असर्ट म्हणजे घरातला भुंकणारा कुत्रा. रिलीज बिल्डमध्ये तो नसतोच, तिथे त्याच स्थितीत कंपायलर गुपचूप पुढे जातो आणि चुकीचा कोड काढतो. क्रॅश परवडला, निदान तो ओरडतो.

मग भावंडं शोधा. एलएलव्हीएममध्ये बेरजा एकत्र करणारी जागा एकच नाही. रीअसोसिएट पास आहे, लूपचं गणित करणारे पास आहेत, बॅकएंडमध्ये (मशीनचा कोड काढणाऱ्या भागात) सिलेक्शनडॅग या रचनेवर तेच उद्योग पुन्हा चालतात. तीच चूक तिथेही आहे का, हे ग्रेप मारून (सगळ्या कोडमध्ये शब्द शोधून) बघायला दहा मिनिटं लागतात. सापडली तर याच पॅचमध्ये कोंबायला सांगू नका. वेगळा इश्यू उघडा. एका पॅचमध्ये एकच गोष्ट असली की रिव्हर्ट करताना (बदल मागे घेताना) त्रास होत नाही.

जीसीसी या दुसऱ्या कंपायलरमध्ये काम करत असाल तर हमीचं बस्तान वेगळं आहे. तिथे फ्लॅग सूचनेवर नसतो, प्रकारावर (टाइपवर) असतो: चिन्ह असलेल्या प्रकारातली बेरीज ओव्हरफ्लो होणारच नाही असं धरलं जातं. म्हणून तिथे असा बदल सुरक्षित करायचा म्हणजे हिशोब चिन्हरहित प्रकारात नेऊन करायचा आणि निकाल परत आणायचा. पॅचसोबत 'बूटस्ट्रॅप केला आणि रिग्रेशन टेस्ट चालवल्या' हे वाक्य, कोणत्या मशीनवर त्यासकट, अपेक्षित असतं. बूटस्ट्रॅपमध्ये कंपायलर स्वतःला तीन टप्प्यांत बांधतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फाइली जुळतात का ते बघतो. ही फार कडक चाळणी आहे. जीसीसीच्या आतल्या भागाशी आपल्याकडच्या पुष्कळांची ओळख आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरमुळे झाली. त्यांचं साहित्य मिळालं तर वाचा, आकृत्या चांगल्या आहेत.

खर्चाकडे मी थोडंच बघतो. दोन स्थिरांकांची बेरीज तपासायला काहीच लागत नाही. पण फिक्समध्ये 'या मूल्याचे कोणते बिट ठाऊक आहेत' असं विचारणारी हाक नव्याने आली असेल तर थांबा. ती मागे मागे जात शोध घेते, सहा पातळ्यांपर्यंत, आणि इन्स्टकम्बाइन प्रत्येक सूचनेवर चालतो. आधी स्वस्त अटी, मग महाग हाक, एवढा क्रम लावायला सांगितला तरी बरंच भागतं.

आता माझी एक फजिती, कारण वरचं सगळं करूनही माणूस पडतो. काही वर्षांपूर्वी असाच एक फिक्स मी पास केला. गणित तपासलं, सिद्धता स्वतः लिहिली, नकारात्मक टेस्ट मागून घेतल्या. पॅच आधीपेक्षा सावध होता: एका विशिष्ट वेळी तो सूचना वेगळ्या रूपात लिहायचा. दोन्ही रूपं शंभर टक्के समान. मर्ज झाल्यावर दोन तासांत निरोप आला की एका व्हिडिओ कोडेकची फाइल कंपाइलच होत नाही, प्रोसेसर नुसता फिरतोय. त्याच पासमध्ये दुसऱ्या फाइलीत एक जुना नियम होता, जो ते नवं रूप उचलून पुन्हा जुन्या रूपात आणायचा. हा उलटा करतो, तो सुलटा करतो, पुन्हा हा उलटा. दोघेही बरोबर, आणि काम अनंत. पॅच लगेच मागे घेतला गेला. तेव्हापासून फिक्स नवं रूप तयार करत असेल तर मी विचारतोच: हे रूप बघून परत फिरवणारा कुणी आहे का? आणि ते आउटपुट त्याच पासमधून दुसऱ्यांदा काढून बघतो. बदललं, तर गडबड आहे.

रिव्हर्ट झालं म्हणून कुणाला वाईट वाटून घेऊ देऊ नका, स्वतःही घेऊ नका. बिल्डबॉट (कोड आपोआप बांधून तपासणारं यंत्र) लाल झाला तर आधी मागे घ्यायचं, मग निवांत शोधायचं, हा तिथला रिवाज आहे. हजारो लोक त्याच मुख्य शाखेवर काम करत असतात.

शेवटी, लिहायचं कसं. 'मला हे योग्य वाटत नाही' असं लिहिलं की वाद सुरू होतो. 'क्ष = १००, आतली अधिक १०० हमीशिवाय, बाहेरची अधिक २० हमीसह; जुनं उत्तर -३६, नवं पॉयझन' असं लिहिलं की समोरचा पाच मिनिटांत 'अरे हो' म्हणतो. नावं, स्पेस, टिप्पणीतलं व्याकरण यांच्या सूचना वेगळ्या ठेवा आणि त्या किरकोळ आहेत असं स्पष्ट म्हणा. नाहीतर खरा आक्षेप त्या पसाऱ्यात हरवतो, आणि लेखक सहा कॉमे दुरुस्त करून नवी आवृत्ती पाठवतो.

आणि जे तपासलं नाही तेही लिहा. 'मधल्या टप्प्याचं गणित मी बघितलंय, व्हेक्टर प्रकारांचं बघितलेलं नाही, तो भाग ओळखणाऱ्या कुणाची तरी संमती येईपर्यंत थांबा' हा पूर्ण प्रतिष्ठित रिव्ह्यू आहे. पहिल्या रिव्ह्यूला तुमच्याकडून एवढीच अपेक्षा असते. तुमच्या पॅचमध्ये व्हेक्टर असतील, तर त्यातल्या एखाद्याच घटकात पॉयझन असलेली टेस्ट मागून बघा. मला वाटतं, ती लेखकाने घातलेली नसेल.